घोंगडीचं वजन

“चड्डी, एकशे बारा ग्रॅम चाळीस,” मी म्हणालो.

झोपे सरांनी शाळेच्या जुन्या हजेरीपटात लिहून घेतलं. “पुढे.”

मी सोन्याच्या काट्यावरून चड्डी उचलली. आदल्याच दिवशी त्या काट्यावर एका नवरीचं मंगळसूत्र चढलं होतं. तिला हे कधीही कळू नये अशी माझी इच्छा आहे. दुकानाला सुट्टी होती, बाबा नाशिकला गेले होते, शटर अर्धं खाली होतं आणि काउंटरवर जिथे एरवी बांगड्यांचे ट्रे असतात तिथे दोन सायकलस्वारांचा संसार पसरला होता.

“टूथब्रश, अर्धा.”

“अर्धा कसा?”

“दांडा कापला. चार ग्रॅम वाचले.”

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “विसपुते, दात तरी सगळे आहेत ना?”

वासुदेव झोपे सर जळगावात आमच्या शाळेत पी.टी. शिकवायचे. पी.टी.त नापास झालेला त्यांच्या नोकरीतला एकमेव विद्यार्थी मी. दहा वर्षांनी मी सायकलच्या नादाला लागलो आणि पहिल्याच रविवारी घाटात मागून ओळखीची शिट्टी ऐकू आली. आडनाव झोपे असूनही हा माणूस आयुष्यात चार तासांच्या वर कधी झोपला नव्हता. लांबच्या शर्यतीला असा जोडीदार म्हणजे देणगीच.

शर्यतीचं नाव सातपुडा सहाशे. सहाशे किलोमीटर, बराचसा डोंगर, अठ्ठेचाळीस तास. वाटेत कुणाची मदत घ्यायची नाही. अन्न विकत घेता येतं, पण झोप आणि छप्पर स्वतःच्या सायकलवर वाहून न्यायचं. आम्ही जोडीच्या गटात होतो. जोडीत मागच्याचं चाक रेषेवरून गेलं की वेळ धरतात. मागल्या वर्षी मागचं चाक सरांचं होतं आणि आम्ही एकोणीस मिनिटांनी हुकलो होतो. त्या एकोणीस मिनिटांबद्दल सर कधी बोलले नाहीत. मी मात्र वर्षभर दुसरं काही बोललो नव्हतो.

“तंबू?” सरांनी विचारलं.

“चौदाशे ग्रॅम. बाद. त्याऐवजी ही ताडपत्री, तीनशे दहा. काठी नको, सायकलचं पुढचं चाक काढून उभं करायचं. ताडपत्री मी नेतो, दोऱ्या आणि खुंट्या तुम्ही.”

“आणि आपण वेगळे पडलो तर?”

“तर माझ्याकडे दोऱ्यांशिवाय छप्पर आणि तुमच्याकडे छपराशिवाय दोऱ्या.”

“छान.” त्यांनी तेही लिहिलं.

फोमची चटई मी खांद्यापासून कंबरेपर्यंत कापली होती. पाय जमिनीवर झोपतील, त्यांना काय कळतंय. स्लीपिंग बॅग बाद, कारण तिला खालची बाजू असते आणि आपण खाली दाबतो ती बाजू ऊब देत नाही, म्हणजे अर्धी बॅग नुसतीच वाहायची. तिच्याऐवजी पिसांची पातळ दुलई, तीनशे ऐंशी ग्रॅम. तिच्यावर एक वाऱ्याला अडवणारी पिशवी, माणूस आत शिरतो आणि वरून नाडी ओढतो. आरशात पाहिलं तर कांद्याच्या गोणीसारखा दिसतो. हे सगळं चालून जाईल, कारण माझी योजनाच तशी होती: रात्री गारव्यात सायकल हाणायची आणि झोपायचं रविवारी दुपारी दोन ते चार, सातपुड्याच्या फुकट उन्हात. उन्हात झोपणाऱ्याला पांघरूण कशाला?

“दुपारी पाऊस आला तर?” सर म्हणाले.

“जानेवारीत?”

 पिशवीतून सरांनी घोंगडी काढून काउंटरवर ठेवली. काळी, जाड, कडेला पांढरी रेघ. दुकानभर मेंढ्यांचा वास पसरला. मी काटा शून्यावर आणला आणि हात पुढे केला.

“ही मोजायची नाही,” सर म्हणाले.

“सर, मोजल्याशिवाय—”

“गोरख हटकरच्या वडिलांनी दिलीय. पोरगं राज्य स्पर्धेत पळालं तेव्हा. स्वतःच्या मेंढ्यांची लोकर. ही काट्यावर चढणार नाही.”

“दोन किलो तरी असेल हो!”

“असेल. नाही तर नसेल. मी वाहतोय ना?” त्यांनी हजेरीपटात ‘घोंगडी’ लिहिलं, त्यापुढे आकडा लिहायच्या जागी काहीच लिहिलं नाही, आणि घोंगडी हँडलला बांधायच्या जलरोधक नळकांड्यात कोंबून दोन्ही तोंडं गुंडाळून बंद केली. वर दोन थापा मारल्या. “चहा सांगून येतो.”

चहाची टपरी कोपऱ्यावर होती. जायला दोन मिनिटं, यायला दोन, आणि टपरीवाल्याची मुलगी सरांची विद्यार्थिनी असल्यामुळे मध्ये तीन. मी नळकांडं उघडलं. घोंगडी काट्यावर ठेवली. आकडा पाहिला. मग कागदावर सगळ्या घाटांची चढाई मांडली आणि गुणाकार केला. घोंगडीपायी तेवीस मिनिटं. आम्ही हुकलो होतो एकोणिसांनी.

घोंगडी मी तिजोरीत ठेवली. तिजोरीत मेंढ्यांचा वास असलेलं आमच्या घराण्यातलं ते पहिलं दुकान असावं. नळकांडं रिकामं वाटू नये म्हणून दागिने पॅक करायच्या रोलमधलं फुग्याफुग्यांचं प्लास्टिक कापलं, सैल गुंडाळून आत भरलं आणि तोंडं तशीच बंद केली. बाहेरून तीच गोलाई. एकसष्ट ग्रॅम.

सर दोन कप घेऊन आले. येता येता त्यांनी नळकांड्यावर सवयीने थाप मारली. मी चहा प्यायलो. चहा चांगला होता.

शनिवारी पहाटे पाचला आम्ही निघालो. हेमलताकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, सोडायला आल्या होत्या. आमच्या दोघांच्या सायकलींवर ठावठिकाणा सांगणारी छोटी यंत्रं होती; काकू घरी बसून मोबाइलवर आमचे दोन ठिपके पाहणार होत्या.

“ह्यांचा ठिपका मागे राहिला तर थांब रे,” त्या मला म्हणाल्या.

“जोडी आहे काकू, थांबावंच लागतं.”

“लागतं म्हणून नको थांबू,” त्या म्हणाल्या.

पहिला दिवस आणि रात्र एवढी बरी गेली की मला माझा संशय यायला लागला. चोपड्याच्या पुढे सर शिट्टी वाजवत होते. चढावर माझ्या बरोबरीने येत होते. “यंदा सायकल हलकी वाटतेय रे,” ते म्हणाले. मी म्हणालो, “टूथब्रश.” ते हसले आणि त्यांनी नळकांड्यावर थाप मारली. आतून कसलाही आवाज आला नाही, पण मला मात्र ऐकू आला.

रविवारी सकाळी आम्ही वेळेच्या पन्नास मिनिटं पुढे होतो. अकरा वाजता वारा पडला. झाडं होती तशी उभी. एक माणूस शेळ्यांचा कळप हाकत उलट्या दिशेने खाली येत होता. शेळ्या पळत होत्या आणि तोही पळत होता, आणि पळताना त्याने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं तशी नजर मी फक्त एकदाच पाहिली आहे, चुकीच्या घरच्या वरातीत नाचत असताना.

“परतायचं का?” सरांनी विचारलं.

“कुठे? शेळ्यांकडे?”

वर उत्तरेकडे आभाळ जस्ताच्या पत्र्यासारखं झालं होतं. माझ्या सायकलच्या मीटरवर सत्तावीस डिग्री होते. तोरणमाळचा घाट लागला तेव्हा एकोणीस. सरांनी नळकांड्यावर थाप मारली. “आहे आपली,” ते म्हणाले. मी पुढे निघालो, म्हणजे मला त्यांचं तोंड दिसू नये.

गारा दोन वाजता सुरू झाल्या, बरोबर आमच्या झोपेच्या वेळेला. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. हेल्मेटवर आवाज असा की डोक्यात कुणी पत्रे उतरवतंय. गारांमागून पाऊस, पावसामागून वारा. चाळीस मिनिटांत मीटरने आठ डिग्री दाखवले. आसपास घर नाही, देऊळ नाही. वनखात्याचा एक लोखंडी फलक तेवढा होता: ‘वणवा लावू नका.’ आम्ही ताडपत्री त्याच फलकाला बांधली. सरांची बोटं गाठी मारेनात. सदतीस तास न झोपलेला, साडेचारशे किलोमीटर चालवून आलेला, अठ्ठेचाळीस वर्षांचा ओला माणूस त्या ताडपत्रीखाली वाकून बसला होता आणि त्याचे दात वाजत होते.

दुलया काढल्या. ओल्या अंगाने आत शिरलो आणि दहा मिनिटांत पिसांचा लगदा झाला. पिसं ओली झाली की ऊब जाते, राहतो तो कोंबडीचा पश्चात्ताप. मी तरुण होतो, मला थंडी वाजत होती. सरांचं मात्र वाजून पुढे गेलं होतं. ओठ जांभळट.

“घ-घोंगडी,” ते म्हणाले. “ओली झाली तरी ती ऊब देते. काढ.”

मी नळकांड्याकडे पाहत राहिलो.

“माझ्याच्याने बक्कल निघत नाही रे. काढ.”

मी बक्कल काढलं. जितकं हळू निघेल तितकं हळू काढलं. एक घडी उलगडली, दुसरी उलगडली. आत हात घातला आणि बाहेर काढला. गारांच्या उजेडात ते प्लास्टिक अगदी स्वच्छ दिसत होतं.

सरांनी ते हातात घेतलं. उलटंसुलटं करून पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

“हे किती ग्रॅम?” त्यांनी विचारलं.

“एकसष्ट.”

“आणि ती?”

 गारा वाजत होत्या, ऐकू आलं नाही असं दाखवणं सोपं होतं. सरांनी मान हलवली, जशी ते कुणी उडी अर्धवट मारली की हलवायचे. मग ते प्लास्टिक अंगाभोवती गुंडाळून पिशवीत शिरले. “नाडी ओढ,” म्हणाले.

मी नाडी ओढली. माझी दुलई त्यांच्यावर टाकली आणि पाठीवरून त्यांना मिठी मारून पडलो. ते थरथरत होते आणि थरथरताना एकेक फुगा फुटत होता. फट्. फट्फट्. फट्. मला हसू आलं. खरंच आलं. मग तो आवाज मी मोजायला लागलो, कारण मोजणं मला येतं.

त्या ठिपक्याच्या यंत्रावर झाकणाखाली लाल बटण होतं. ते दाबलं की मदत निघते आणि शर्यत संपते. मी झाकण उघडलं. आम्ही अजूनही वेळेच्या पंधरा मिनिटं पुढे होतो. पाऊस थांबला असता तर... मी झाकण लावलं. फट्. फट्.

“सर, बरं वाटतंय का?”

“रोल नंबर एक,” सर म्हणाले.

“काय?”

“रोल नंबर एक. अत्तरदे.”

ते आमच्या वर्गाची हजेरी घेत होते. दहावी ब. मला काय करावं कळेना, म्हणून मी म्हणालो, “हजर.”

“दोन. इंगळे.”

“हजर.”

“तीन. कासार.” आवाज सपाट, डोळे अर्धे मिटलेले. मी सगळ्या वर्गाची हजेरी देत होतो. फट्. नऊ नंबरला सायली चिरमाडे, तिचीही मीच दिली. फट्. सतरा. अठरा. मग बराच वेळ काही नाही.

“एकोणीस,” सर म्हणाले आणि थांबले. “सुयोग, गरम होतंय रे. जॅकेट काढ माझं.”

त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा नावाने हाक मारली होती. मला बरं वाटलं. थंडी गेली त्यांची, असं वाटलं. आणि मग मला कळलं की कधीपासून एकही फुगा फुटलेला नाही.

झाकण पहिल्यांदा उघडल्यापासून बटण दाबेपर्यंत मी अकरा मिनिटं घेतली. अंदाजाने सांगत नाही. झाकण उघडल्याची वेळही त्या यंत्रात नोंदली जाते, हे मला नंतर समजलं.

आयोजकांची गाडी साठ किलोमीटर दूर होती. त्याआधी घाटातून एक टेम्पो खाली आला, आणि मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात वर केले. टेम्पोतून लाल मखमली कोट, सोनेरी झालरी आणि खांद्यांवर फुलं लावलेली नऊ माणसं उतरली. मला वाटलं, आता मलाही भास सुरू झाले. ते लग्न उरकून परत निघालेलं बँडपथक होतं.

“काय व्हयनं भाऊ?” पुढच्याने विचारलं. त्याच्या काखेत क्लॅरिनेट होतं.

मी ताडपत्रीकडे बोट दाखवलं. त्याने वाकून सरांच्या मानेला हात लावला आणि एक शब्द न बोलता कोट उतरवला. बाकीच्यांनीही उतरवले. सरांचे ओले कपडे काढून त्यांना टेम्पोत, दोन ढोलांच्या मध्ये निजवलं आणि त्यांच्यावर नऊ कोट रचले. दोन गडी उघड्या अंगाने त्यांना दोन्ही बाजूंनी चिकटून पडले. एवढ्या मानाने कुठल्या नवरदेवालाही कुणी नेलं नसेल. घाटभर पितळी झांजा आपल्याआपण वाजत होत्या आणि क्लॅरिनेटवाला दर दोन मिनिटांनी सरांच्या नाकाखाली हात धरून म्हणत होता, “चालू शे. चालू शे.”

“पांघरूण आणलं नव्हतं का तुम्ही?” त्याने एकदा मला विचारलं.

मी झांजांकडे बघत राहिलो.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनीही तेच विचारलं. तोवर साडेसात वाजले होते, सरांना गरम सलाइन लागलं होतं आणि छातीवर ठोके मोजायच्या वायरी होत्या. “एवढ्या डोंगरात जाताय आणि लोकरीचं एक कापड नाही जवळ?”

मी तोंड उघडलं. माझं तोंड उघडं होतं, हे मी शपथेवर सांगेन.

“विसरलो,” पलंगावरून सर म्हणाले. आवाज फाटका होता. “मीच विसरलो.”

जळगावात सगळ्यांना तेच कळलं: झोपे सर घोंगडी विसरले. सरांचं हृदय त्या दिवसापासून मधूनच एक ठोका चुकतं. घाट चढायला डॉक्टरांनी कायमची बंदी घातली. सायकल त्यांनी गोरख हटकरच्या धाकट्या भावाला देऊन टाकली. पी.टी.च्या तासाला ते पोरांना सांगायचे, “सामानाची यादी करा, आणि निघायच्या आधी परत वाचा. मी एकदा विसरलो होतो.” दर वर्षी नवी तुकडी ते ऐकायची.

घोंगडी मी पंधरा दिवसांनी काकूंकडे नेऊन दिली. “दुकानात राहिली होती,” म्हणालो. वाक्य खरं होतं. काकूंनी ती नाकाशी नेली, मग माझ्याकडे पाहिलं. “घरी विसरले म्हणत होते,” त्या म्हणाल्या. “मी सगळं घर शोधलं.” 

तेव्हापासून दर दसऱ्याला मी आपट्याची पानं घेऊन सरांकडे जातो. बैठकीत वेताची एक खुर्ची आहे. मी येताना दिसलो की काकू तिच्यावर ती घोंगडी घडी करून घालतात. इतर कुणासाठी घालत नाहीत. मी नऊ वर्षं त्या घडीवर बसलो. ती टोचते.

यंदा गेलो तेव्हा सर निवृत्त होऊन महिना झाला होता. शाळेतून आणलेली खोकी बैठकीत पडली होती. सर जमिनीवर बसून एकेक वस्तू काढत होते: शिट्ट्या, फुटलेला रिले बॅटन, स्टॉपवॉच. एका खोक्यातून त्यांनी हजेरीपट काढला, पानं उलटली आणि एका पानावर थांबले.

“विसपुते, हे बघ. चड्डी, एकशे बारा ग्रॅम चाळीस.”

“दशांशात लिहिलंय तुम्ही,” मी म्हणालो.

“तू सांगितलंस तसं लिहिलं.” ते बोट खाली नेत गेले. “टूथब्रश, अर्धा. ताडपत्री, तीनशे दहा. दुलई, तीनशे ऐंशी.” बोट थांबलं. “इथे जागा रिकामीच आहे.”

काकू चहाचे कप घेऊन स्वयंपाकघरातून येत होत्या.

“ही कधी मोजलीच नाही ना आपण,” सर म्हणाले. खिशातून त्यांनी पेन काढलं, टोपण काढून मागे लावलं आणि त्या घाटानंतर पहिल्यांदाच चष्म्यावरून थेट माझ्याकडे पाहिलं. “किती असेल रे?”

दोन किलो असेल सर. एवढंच म्हणायचं होतं. दोन किलो असेल, नाही तर नसेल. न मोजलेल्या वस्तूबद्दल माणूस असंच म्हणतो.

खालून घोंगडी टोचत होती.

“एक हजार आठशे बेचाळीस ग्रॅम,” मी म्हणालो. “तीस.”

काकू दारातच थांबल्या. 

सरांनी आकडा सावकाश लिहिला. दशांशासकट लिहिला. शाई वाळेपर्यंत पाहिला.

“पुढे,” ते म्हणाले.